रविवारचा अध्याय

पुस्तक एक, वार ठरलेला, प्रवेश फुकट. अडचण एवढीच की बैठक आवडली नाही तर उठून घरी जायची सोय नव्हती. खानदेशातली सगळ्यांत गाजलेली पुस्तक-बैठक धुळ्याच्या तुरुंगात भरली. २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून १९३२, सलग अठरा रविवार. विनोबा भावे गीतेवर बोलायचे, कायदेभंगात पकडलेले कैदी ऐकायचे आणि साने गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. त्या टिपणांतून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ उभा राहिला आणि पुढे कितीतरी भाषांत गेला.

आपण तो अध्यात्माच्या कपाटात ठेवतो. पण गावात मोठ्या माणसांची पुस्तकचर्चा सुरू करायला निघालेल्यानेही तो एकदा चाळावा. विषयासाठी नको असेल तर रचनेसाठी.

हिशोब बघा. गीतेचा अठरावा अध्याय ७८ श्लोकांचा, बारावा आणि पंधरावा प्रत्येकी २० श्लोकांचे. तरी प्रत्येकाच्या वाट्याला एकच रविवार. म्हणजे ओळीओळीचा अर्थ लावत बसायचा बेत नव्हताच. अध्यायातली एखाद-दुसरी गाठ धरायची, रोजच्या जगण्यातल्या दाखल्यांनी ती सोडवायची आणि थांबायचं. आपल्याकडच्या चर्चा फसतात त्या नेमक्या इथे. साडेतीनशे पानांची कादंबरी एका संध्याकाळी उरकायची म्हणून वक्ता कथानक सांगत सुटतो. वाचून आलेले जांभया देतात आणि न वाचलेले खूश होतात, कारण आता वाचायचं कामच उरलं नाही.

ही चर्चा कसली, ही तर प्रवचनं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, बोलणारा एकच होता. पण ऐकणारे उरलेले सहा दिवस एकाच भिंतीआड होते, आणि त्यांत जमनालाल बजाजांसारखी स्वतंत्र बुद्धीची माणसं होती. रविवारचं ऐकलेलं सोमवारी कुणीच उकरून काढलं नसेल, हे मला तरी पटत नाही.

या बैठकीतला खरा कळीचा माणूस मला साने गुरुजी वाटतात. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. रोज लिहायची, लिहून दुसऱ्यापर्यंत पोचवायची सवय हाडात मुरलेली. धुळ्यात तीच कामी आली. वक्ता कुठूनही मिळतो, कोपऱ्यात बसून मान खाली घालून टिपणं घेणारा मिळत नाही. तो नसता तर अठरा रविवार ऐकणाऱ्यांच्या आठवणीत जेवढे उरले असते तेवढेच आपल्याला मिळाले असते.

खानदेशात हे दुसऱ्यांदाही घडलं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गाणी म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व घरच्या माणसांनी उतरवून घेतलं. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली गाणी छापून आली. उलट बाजूने, बहिणाबाईंसारख्या निरक्षर माणसांपर्यंत ग्रंथ पोचायचा तो कानावाटे. चातुर्मासात देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर पोथी लागायची. एकजण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. तिकीट नाही, अट नाही, जोडे बाहेर काढले की झालं.

साहित्य संमेलनांचं म्हणाल तर या भागाला तोटा नाही. जळगावला १९३६ आणि १९८४, धुळ्याला १९४४, अंमळनेरला १९५२ आणि अलीकडे २०२४. त्याआधी १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक ठोंबरेला ‘बालकवी’ हे नाव मिळालं, ते आजतागायत टिकलं. पण संमेलन ही जत्रा. मांडव उठला की वर्षानुवर्षं शांतता.

जागांची वानवा म्हणावी तर तीही नाही. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ पासूनचं. धुळ्यात इतिहासकार वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला गेले आणि लगेच जानेवारीत त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. तालुक्या-तालुक्यात अनुदानित वाचनालयं आहेत. सभागृह मागितलं तर मिळतं. अडतं ते प्रतींपाशी. वाचनालयात एका पुस्तकाच्या फार तर दोन प्रती, त्यातली एक बायंडिंगला गेलेली, आणि यायची माणसं वीस-पंचवीस. विकत घ्या म्हणावं तर फुकट बैठक फुकट राहत नाही.

यावर जळगावनेच एक वाट दाखवली आहे. तिथली ‘परिवर्तन’ ही संस्था अभिवाचन महोत्सव भरवते. छोट्या बैठकीलाही हे जमतं. आधी निवडक दहा-बारा पानं मोठ्याने वाचायची, मग बोलायचं. पोथीचीच पद्धत, फक्त ग्रंथ बदलला. न वाचता आलेलाही लाजत नाही.

मे महिन्यातली अशी बैठक डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळचे साडेसहा, भिंतींना हात लावावा तर अजून गरम, पंखा नुसता वाफ फिरवतोय. सतरंजीवर तरुण, खुर्च्यांवर गुडघ्यांची तक्रार असलेले. वाचन संपतं. कुणीच बोलत नाही. मग निवृत्त मुख्याध्यापक ‘लेखकाने समाजजीवनाचे यथार्थ दर्शन’ वगैरे सुरू करतात. शेवटच्या रांगेतून एक बाई मध्येच म्हणते, “नाना, हाई बाई काही माले पटनी नही.” कादंबरीतली नायिका तिला पटलेली नाही. आता दोघी-तिघी सरसावून बसतात, नाना हसून गप्प होतात, चहाचे कागदी कप हातात तसेच राहतात. बैठक सुरू झाली ती आत्ता. चालवणाऱ्याने एवढंच बघावं, की त्या बाईला कुणी प्रमाणभाषेत उत्तर देऊन खाली बसवू नये.

फुकट म्हणजे खर्च नाही असं नव्हे. चहा, झेरॉक्स, सतरंजीची धुलाई कुणीतरी भरतंच. ते चारजणांनी वाटून घ्यावं, पण प्रायोजक आणू नये. प्रायोजक आला की दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय, आभार आलेच. पुस्तकाला उरतात वीस मिनिटं, तीही अध्यक्षीय समारोपासकट.

आणि पुढचं पुस्तक उठायच्या आत ठरवावं. ‘नंतर फोनवर बघू’ म्हटलं की दिवाळी उजाडते. मतं जुळत नसतील तर ‘कोसला’ घ्या. लेखक भालचंद्र नेमाडे खानदेशातले, पुस्तक १९६३ चं, आणि त्यावर अजून दोन माणसांचं एकमत झालेलं मी बघितलेलं नाही.