सापशिडीतलं पुण्य, मोबाइलमधलं पाप

बुटीबोरीत एमआयडीसीची शिफ्ट सुटली की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. “पोट्टे मोबाइलमधी माणसं मारून मारून तसेच होऊन राह्यले. आपल्या वेळच्या खेळांत संस्कार होते बाप्पा! सापशिडीत पाप-पुण्य शिकवत.”

आधी सापशिडीचं बघू. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मोक्षपटात, म्हणजे जुन्या सापशिडीत, सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप होते, हे खरंच. पण सोंगटी सरकायची ती कवड्या पडतील तशी. सापाच्या तोंडी जायचं का, हे खेळणाऱ्याला कुणी विचारतच नव्हतं. उपदेश भरपूर, निवड शून्य.

आता १९८५ चा ‘अल्टिमा ४’ हा रोल-प्लेइंग गेम घ्या. त्याचे निर्माते रिचर्ड गॅरियट यांनी त्यात मारायला खलनायकच ठेवला नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, एवढंच काम. जादूची सामग्री विकणारी दुकानदार आंधळी आहे. किती नाणी द्यायची, ते खेळाडूनेच ठरवायचं. कमी दिली तरी माल मिळतो, कुणी ओरडत नाही. गेम मात्र गुपचूप प्रामाणिकपणा कमी करतो, आणि ते पुढे अंगाशी येतं. ‘अंडरटेल’मध्ये (२०१५) तर सगळ्यांचा संहार करून नंतर पुन्हा शहाण्यासारखं खेळलात, तरी शेवटावर जुना डाग उमटतोच.

“पण सूट दिली की सगळे वाईटच वागणार ना?” नाही हो! ‘मास इफेक्ट’च्या एका माजी डिझायनरने २०२० मध्ये सांगितलं की सुमारे ९२ टक्के खेळाडूंनी भल्याचा मार्ग धरला. दुष्टपणाचे प्रसंग खपून तयार करणाऱ्यांचे कष्टच वाया गेले म्हणायचे. ‘फॉलआउट ३’वरच्या २०१२ च्या अभ्यासातही बहुतेकांनी खऱ्या आयुष्यात घेतले असते तसेच निर्णय घेतले.

मारामारीचे गेम आणि आक्रमकता यांचं म्हणाल, तर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हजारावर ब्रिटिश किशोरांचा अभ्यास केला. मुलांच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं. संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेला आरडाओरड, ढकलाढकली अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो. पण हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असं तिनेच २०२० मध्ये स्पष्ट केलं.

“सगळे गेम सारखेच.” कुठे? बीजीएमआय या गोळीबाराच्या गेममध्ये समोरचा दिसला की गोळी, तिथे नीतीचा प्रश्नच येत नाही; ‘अल्टिमा ४’मध्ये तोच तर खेळ आहे.

“पर्याय लिहिणारा दुसराच, मग खेळाडूची कसली जबाबदारी?” लिहिले त्याने, पण चार पर्यायांतला एक बोट ठेवून निवडला कुणी?

“ब्लू व्हेलने किती पोरं गेली!” आत्महत्येला प्रवृत्त करतो म्हणून गाजलेल्या त्या खेळामुळे एकही मृत्यू झाल्याचं सिद्ध झालं नाही, हे जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं. सांगणारे मंत्री आपल्या शेजारच्या चंद्रपूरचे तेव्हाचे खासदार, हंसराज अहिर.

झोपमोड आणि गेममधल्या ‘डायमंड’सारख्या चलनावर उडणारे पैसे, या तक्रारी मात्र खऱ्या. निदान पैशांसाठी आज रात्री यूपीआयचा पिन बदला.