उसाचं पातं डोळ्याला लागलं तर

मैत्रिणींनो, पाचट काढताना पातं डोळ्याला लागतं. आपण पदरानं शेकतो, संध्याकाळी मेडिकलमधून थेंब मागवतो. इथंच घात होतो. पात्यावरची बुरशी बुबुळाच्या जखमेत शिरू शकते. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. त्यानं लाली उतरते, बरं वाटतं, पण आत बुरशी फोफावते. मग बुबुळावर फूल पडतं, नजर जाते. हे मोतीबिंदूसारखं साध्या ऑपरेशननं निघत नाही.

डोळा चोळू नका. कुणाला जिभेनं कचरा काढू देऊ नका. स्वच्छ पाण्यानं धुवा. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. खाडा पडतो, ठाऊक आहे. ग्रामीण रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ नसतील तर जिल्हा रुग्णालयात जा. पातं लागलं हे आधी सांगा, घातलेल्या थेंबांची बाटलीही दाखवा.