क्लिक थ्री : बडोद्याचा कॅमेरा, लखनौचा उजेड

अग्फा हे नाव जर्मन असल्यामुळे ‘क्लिक थ्री’ हा कॅमेराही जर्मनीतून आलेला, म्हणून दुर्मीळ व मोलाचा असावा, असा समज लखनौच्या नक्खासमधील रविवारच्या बाजारात जुन्या वस्तू धुंडाळणाऱ्या हौशी छायाचित्रकाराचा सहज होतो. वस्तुतः ‘क्लिक’ मालिकेतील आधीचे कॅमेरे जर्मन असले, तरी ‘क्लिक थ्री’ बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविला आणि तो मध्यमवर्गीय घरांत इतका पोचला, की दुर्मिळतेच्या नावाने चढी किंमत मोजण्याचे कारण उरत नाही.

भिंग एकेरी व साधे, तेव्हा चित्रही हलकेच येणार, हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. कडांना धूसरपणा येतो हे मान्य. परंतु १२० क्रमांकाच्या रोलवर, म्हणजे कागदाची पाठ असलेल्या रुंद फिल्मवर, हा कॅमेरा ६ × ६ सेंटिमीटरची १२ चित्रे घेतो आणि त्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मवरील नेहमीच्या चौकटीच्या साडेतीन पट भरते. जुन्या अल्बममधील चिमुकल्या चौरस प्रतींचा दोष कॅमेऱ्याला देणे अन्यायाचे आहे, कारण त्या बहुधा निगेटिव्ह कागदावर थेट टेकवून काढलेल्या असत. मोठी प्रत महाग पडे.

‘जुना कॅमेरा, म्हणून वेगवान फिल्म’ हा हिशेब मात्र फसवा आहे. येथे शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी झडप, एकाच संथ वेगाने उघडते आणि ढगाळ हवा, ऊन व पिवळा फिल्टर एवढेच पर्याय मिळतात. त्यामुळे रूमी दरवाजासमोरच्या उन्हात १०० आयएसओची, म्हणजे मध्यम संवेदनशीलतेची, कृष्णधवल फिल्म पुरून उरते, ४०० ची जास्तच प्रकाश पिते. उलट बड्या इमामबाड्याच्या अंधाऱ्या दालनात, हातात धरलेल्या या कॅमेऱ्यापुढे, दोन्ही लंगड्या पडतात.

अशा कॅमेऱ्यांची फिल्म आता मिळत नाही, हेही सरसकट खरे नाही. कोडॅकच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांना लागणारा ६२० क्रमांकाचा रोल १९९५ मध्ये बंद झाला, पण १२० चा रोल आजही तयार होतो. खरेदीपूर्वी कॅमेऱ्यात रिकामी रीळ आहे की नाही ते पाहावे; तिच्याशिवाय नवा रोल गुंडाळता येत नाही.