मराठी माध्यमातले इंग्रजी वाचन-लेखन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पालघर तालुक्यातल्या सातपाटीसारख्या मच्छीमार गावात मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी वाचावे आणि लिहावे लागते ते आधी शाळेत, मग दहावीच्या परीक्षेत आणि पुढे कामाच्या जागी. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत इंग्रजी ही या विद्यार्थ्यांची तृतीय भाषा असते. तिचे ८० गुण लेखी परीक्षेला असतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली, की सुरक्षेच्या सूचना, रसायनांच्या पिंपांवरचे इशारे आणि पाळीच्या नोंदी बहुतेक इंग्रजीतच असतात. बोलण्याचे काम मराठी-हिंदीवर भागते, पण वाचण्या-लिहिण्याचे भागत नाही. तरीही या दोन कौशल्यांच्या सरावाबद्दल घरोघरी आणि वर्गावर्गांत काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्यांतल्या प्रमुख समजुती पुढे एकेक करून तपासल्या आहेत.

गैरसमज १ : इंग्रजी माध्यमाशिवाय इंग्रजी येत नाही

माध्यम आणि विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवले जात असे. २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आजचा दहावीचा विद्यार्थी दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. एवढ्या काळात भाषा आली नाही, तर माध्यमाला दोष देण्याआधी त्या दहा वर्षांत त्याने स्वतः किती पाने वाचली आणि किती वाक्ये स्वतःच्या मनाने लिहिली, हे पाहायला हवे. सेमी-इंग्रजी वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. त्याने पारिभाषिक शब्द ओळखीचे होतात, पण सलग परिच्छेद लिहिण्याचा सराव त्यातून आपोआप होत नाही. तो वेगळा करावाच लागतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून घेणे एवढेच लेखन होत असेल, तर तिथल्या मुलाचीही अडचण तीच राहते.

गैरसमज २ : मराठी मध्ये आणली की इंग्रजी बिघडते

वाचता येणे हे कौशल्य माणूस एकदाच शिकतो. मुद्दा ओळखणे, पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, कारण आणि परिणाम यांची सांगड घालणे या गोष्टी एका भाषेत जमल्या, की दुसरीत कामी येतात. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत हाच विचार मांडला : दोन भाषा वरून वेगळ्या दिसल्या, तरी त्यांच्या तळाशी वाचन-विचाराची समान क्षमता असते. म्हणून मराठीत भरपूर वाचणारा विद्यार्थी इंग्रजीत मागे पडत नाही. त्याचा पाया उलट भक्कम होतो.

सातपाटीत ही बाब आणखी महत्त्वाची ठरते. मांगेला आणि वैती समाजांच्या घरांतली बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे, त्यामुळे पुस्तकी मराठी हीच अनेक मुलांसाठी शाळेत येऊन शिकायची भाषा असते. पालघर जिल्ह्यातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये सुरू केलेले आणि पुढे कोसबाडला हलवलेले बालशिक्षणाचे काम मुलाची बोली आणि परिसर यांपासून सुरुवात करण्यावरच उभे राहिले. इंग्रजीलाही हाच क्रम लागू पडतो.

भाषांतर निषिद्ध मानण्याचेही कारण नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेतही, म्हणजे लेखी प्रश्नपत्रिकेतही, भाषांतराला ५ गुण आहेत. अडचण शब्दाला शब्द ठेवण्याने होते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. ‘वर’, ‘ला’, ‘तून’ हे मराठीत नामाच्या मागे लागतात, तर इंग्रजीत तेच काम करणारे शब्द नामाच्या आधी येतात. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांना मराठीत जोडच नाही. हे तीन फरक डोळ्यांसमोर ठेवून केलेले भाषांतर हा उत्तम सराव ठरतो.

गैरसमज ३ : गाईडमधली पत्रे आणि निबंध पाठ केले की लेखन आले

कृतिपत्रिकेच्या रचनेपुढे ही समजूत टिकत नाही. भाषाभ्यासाला १०, पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना २०, कवितांना १०, अपठित उताऱ्यांना १५, लेखनकौशल्याला २० आणि भाषांतराला ५ अशी ८० गुणांची वाटणी आहे. अपठित उतारा नावाप्रमाणे आधी न वाचलेला असतो. लेखनात पत्र, संवाद किंवा भाषणाचा मसुदा, तक्त्यातली माहिती वाक्यांत मांडणे, बातमी किंवा गोष्ट असे प्रकार येतात आणि प्रत्येक वेळी विषय नवा असतो. पाठ केलेले पत्र नव्या विषयाला बसवताना पहिल्या तीन ओळी जमतात आणि चौथीत गाडी अडते, कारण तिथे स्वतःचे वाक्य लागते.

पाठांतराचा उपयोग होतो तो मर्यादित गोष्टींसाठी : पत्राचा मायना, विनंतीची आणि आभाराची ठरलेली वाक्ये, बातमीच्या पहिल्या ओळीचा साचा. आशय मात्र विद्यार्थ्याचा हवा, आणि सातपाटीच्या मुलाकडे तो भरपूर आहे. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला, ही बातमी त्याला इंग्रजीत लिहिता येईल. भरती-ओहोटीच्या आठवडाभराच्या वेळांचा तक्ता वाक्यांत मांडता येईल. जिल्ह्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराबद्दल बंदरसमर्थक आणि मच्छीमार यांच्यातला संवाद लिहिता येईल. ज्याबद्दल सांगण्यासारखे काही असते, त्यासाठी शब्द शोधण्याची धडपड माणूस करतो, आणि त्या धडपडीतून आलेले शब्द टिकतात.

गैरसमज ४ : अवघड पुस्तक घ्यावे आणि प्रत्येक शब्द कोशात पाहावा

वाचनाच्या अभ्यासकांमध्ये एका आकड्याला मोठा आधार आहे. गोष्टीचे पुस्तक कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात, असे हू आणि पॉल नेशन यांच्या २००० मधल्या अभ्यासात दिसले. म्हणजे २०० शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द चारच्या आसपास. तेवढे असतील तर संदर्भावरून अर्थ लागतो आणि नवे शब्दही मिळतात. पानावर वीस शब्द अडत असतील, तर कोश उघडता-मिटता गोष्टच हातून सुटते. असे पुस्तक बाजूला ठेवून खालच्या इयत्तेचे घेण्यात कमीपणा नाही. नववीच्या मुलाने सहावीचे इंग्रजी पुस्तक गोष्ट म्हणून वाचणे हा शहाणा सराव आहे.

मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्यात काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे, म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली क्रमिक वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २००० नित्याच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातला जवळपास ८० टक्के भाग अशा नित्याच्या शब्दांनीच व्यापलेला असतो. म्हणून दुर्मीळ शब्दांच्या याद्या पाठ करण्याआधी हे शब्द वाचताना न अडखळता ओळखता येणे महत्त्वाचे.

फिजी बेटांवरचा एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. तिथल्या ग्रामीण शाळांत १९८० पासून वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० चित्रमय इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती. पहिल्या वर्षात त्यांचे वाचन नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट वेगाने सुधारले आणि दुसऱ्या वर्षी ती सुधारणा लेखनातही उतरली.

गैरसमज ५ : स्पेलिंगला नियम नाहीत, सगळे घोकावेच लागते

देवनागरीची सवय असलेल्याला इंग्रजी स्पेलिंग बेशिस्त वाटते, कारण तिथे २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे. तरी नियम भरपूर आहेत. अमेरिकेत १९६६ मध्ये १७ हजारांहून अधिक शब्द संगणकावर तपासले गेले, तेव्हा केवळ उच्चार-अक्षरांच्या नियमांवरून सुमारे निम्म्या शब्दांचे स्पेलिंग अचूक बनले आणि उरलेल्यांपैकी बरेच एका चुकीवर अडले. ‘एम-ए-डी’ म्हणजे मॅड आणि शेवटी ‘ई’ जोडला की मेड. हीच जोडी शेकडो शब्दांत सापडते. लाइट, नाइट, राइट, फाइट यांचे शेवट ‘आय-जी-एच-टी’ असे सारखेच लिहिले जातात. असे गट करून वहीत लिहिले, तर घोकण्याचा भार बराच उतरतो. मराठीतही ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतले ‘च’ वेगळे उच्चारायचे हे अक्षर सांगत नाही. ते वाचनाच्या सवयीने कळते. नियमात न बसणारे इंग्रजी शब्दही तसेच पुन्हा पुन्हा दिसून डोळ्यांत बसतात.

गैरसमज ६ : आधी पूर्ण व्याकरण, मग लेखन

व्याकरण लागते, पण ते लिहिण्याच्या सोबत. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सुटे व्याकरण शिकवण्याने लेखन सुधारल्याचे त्यात दिसले नाही. लहान वाक्ये जोडून मोठी करण्याच्या सरावाने मात्र ते सुधारले. हे प्रयोग मुख्यतः इंग्रजीतच शिकणाऱ्या मुलांवरचे होते. मराठीभाषक मुलाला काळ, वचन, शब्दक्रम यांचे स्पष्टीकरण त्यांच्याहून जास्त लागते. मात्र भूतकाळ शिकल्याच्या दिवशीच ‘काल बंदरावर काय झाले’ यावर पाच वाक्ये लिहिली, तर तो नियम वापरात येतो. केवळ रिकाम्या जागा भरणारा विद्यार्थी नियम ओळखतो, पण स्वतः लिहिताना तो विसरतो.

गैरसमज ७ : वाचन वेगळे, लेखन वेगळे

चीनच्या उच्च माध्यमिक शाळांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. ‘गाओखाओ’ या तिथल्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेत इंग्रजीला १५० गुण असतात. झेजियांग प्रांताने २०१६ मध्ये त्यात एक नवा प्रश्न आणला : विद्यार्थ्याने अपूर्ण गोष्ट वाचायची आणि दिलेल्या सुरुवातीच्या ओळींपासून दोन परिच्छेद लिहून ती पूर्ण करायची. लेखन सुमारे १५० शब्दांचे, गुण २५. पुढे हा प्रश्न इतर प्रांतांतही गेला. गोष्ट पुढे न्यायची तर पात्रे, काळ आणि शब्द मूळ मजकुरातूनच उचलावे लागतात, म्हणून लिहिताना मुलाची भाषा वाचलेल्या भाषेला धरून चालते.

हा सराव करायला वेगळे पुस्तक लागत नाही. ‘कुमारभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातला कोणताही गद्य पाठ अर्ध्यावर थांबवून पुढचा परिच्छेद आपल्या शब्दांत लिहावा आणि मग मूळ पाठाशी ताडून पाहावा. आपल्याला न सुचलेली, पण मूळ लेखकाने वापरलेली वाक्यरचना नेमकी कोणती, हे त्या तुलनेतच कळते.

गैरसमज ८ : चुका होतात, म्हणून कमी लिहावे

चुकांच्या भीतीने चार वाक्यांत उत्तर उरकणारा विद्यार्थी चुका टाळतो, पण शिकण्याची संधीही गमावतो. दुसरीकडे, वहीभर लाल शाईच्या खुणा केल्यानेही फार साधत नाही, कारण पंचवीस दुरुस्त्यांतून कोणती मनावर घ्यावी हे मुलाला कळत नाही. एका आठवड्यात एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष दिले, म्हणजे कधी क्रियापदाचा काळ, कधी ‘अ’ आणि ‘द’, आणि दुरुस्त केलेला परिच्छेद पुन्हा स्वच्छ लिहून घेतला, तर सुधारणा टिकते. मोठा वर्ग असलेल्या शिक्षकांच्या वेळेतही ही पद्धत बसते.

गैरसमज ९ : गावात इंग्रजी वाचायला मिळत नाही

सातपाटीच्या परिसरात इंग्रजी मजकूर कमी नाही. बोटीवरचे जीपीएस आणि मासे शोधणारे यंत्र यांच्या पडद्यांवरचे शब्द, इंजिनाच्या माहितीपुस्तिका, लाइफ जॅकेटवरच्या सूचना, औषधांची वेष्टने, पालघर स्थानकावरचे फलक हे सगळे वाचनाचे साहित्य आहे. रोज एक मजकूर वहीत उतरवून त्याचा मराठी अर्थ लिहिला, तर कामाच्या इंग्रजीची ओळख होते. गोष्टींसाठी बालभारतीची सर्व इयत्तांची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ पासून चालणाऱ्या मोफत संग्रहात गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या असतात आणि अनेक गोष्टी मराठी व इंग्रजी दोन्हींत मिळतात. आधी मराठी आणि मग इंग्रजी अशी एकच गोष्ट वाचली, की आशय ओळखीचा असल्याने नवे शब्द सहज उलगडतात.

गैरसमज १० : तीन महिन्यांच्या क्लासमध्ये इंग्रजी येते

तीन महिन्यांत काही वाक्ये बोलता येतील. वाचन-लेखनाला वर्षे लागतात. फिजीतल्या मुलांनाही वाचनातली वाढ लेखनात उतरायला दुसरे वर्ष लागले. म्हणून आठवीत सुरू केलेला रोज अर्ध्या तासाचा सराव दहावीच्या वर्षातल्या धावपळीपेक्षा जास्त देतो. त्यातली वीस मिनिटे सोप्या वाचनाला आणि दहा मिनिटे त्याच वाचनावरच्या पाच-सहा वाक्यांना द्यावीत. आठवड्यातून एकदा एक पूर्ण परिच्छेद लिहून, तपासून, पुन्हा लिहावा. शाळा सुरू होते ते दिवस पावसाळी मासेमारीबंदीचे असतात. घरातली मोठी माणसे किनाऱ्यावर असताना मुलाने वाचलेले कोणाला तरी मराठीत सांगण्याची सवय त्याच काळात लावता येते. सांगता आले तर समजले, आणि जे समजले त्यावर लिहिता येते. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसले तरी चालते.