खोकला, एकेटी आणि हातचे गेलेले महिने

काल्हेरमध्ये खोकला हवामानात जमा आहे. ठाणे-भिवंडी रस्त्यावर धूर सोडत उभे असलेले कंटेनर, गोडाऊनमध्ये माल उतरवताना उडणारी धूळ, खाडीवरची दमट हवा आणि जवळच भिवंडीत यंत्रमागांवर तरंगणारा कापूस. महिनाभर कुणी खोकत राहिलं तर शेजारीपाजारी फार तर आवाज उतरवून विचारतात, ‘टीबी तर नाही ना?’ प्रश्न रास्तच आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, आणि यंत्रमागांच्या दाटीवाटीच्या वस्त्यांना हा रोग चांगला ओळखीचा आहे. पण टीबी नाही असं निघाल्यावर ‘मग काय आहे?’ हे विचारायचं राहून जातं. फुप्फुसाच्या कर्करोगाला आपल्याकडे आयते महिने मिळतात ते इथेच.

हा रोग एके काळी खरोखरच दुर्मीळ होता. १९१२ साली न्यूयॉर्कच्या आयझॅक ॲडलर या डॉक्टरनं त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा इतक्या विरळा विषयावर लिहिण्यात अर्थ आहे का, असा प्रश्न त्यानं सुरुवातीलाच केला होता. पुढे सिगारेटनं त्याला उत्तर दिलं. १९५० साली ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी, तर अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम यांनी धूम्रपान आणि हा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला. यातल्या एव्हर्ट्स ग्रॅहम यांची कहाणी विलक्षण आहे. १९३३ साली कर्करोगासाठी अख्खं फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढणारे हे पहिले सर्जन. स्वतः सिगारेट ओढणारे. संशोधन हाती आल्यावर त्यांनी सिगारेट सोडली, पण १९५७ साली त्याच रोगानं ते गेले. त्यांनी ज्याचं फुप्फुस काढलं होतं तो रुग्ण, जो स्वतःही डॉक्टर होता, त्यांच्यानंतरही काही वर्षं जगला.

मुंबईतही या रोगाचा हिशेब ठेवण्याची तयारी याच सुमारास होत होती. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९५१ साली डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी काढली, आणि तिच्याच पुढाकारानं १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. कुठल्या वयाच्या, कुठल्या वस्तीतल्या माणसाला कोणता कर्करोग झाला याचा हिशेब तोवर आपल्याकडे कुणी ठेवलेलाच नव्हता. १९८७ साली बार्शीत ग्रामीण भागाचीही नोंदणी सुरू झाली.

या नोंदींनी आपला एक लाडका समज मोडीत काढला. बिडी म्हणजे पानात गुंडाळलेली तंबाखू, कागद नाही, म्हणून सिगारेटपेक्षा बरी, असं खाडीकाठच्या शेतकऱ्यापासून मागावरच्या कामगारापर्यंत सगळे मानत. जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ मध्ये मुंबईच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बिडीचा धोका सिगारेटपेक्षा कमी तर नव्हताच, उलट चढाच होता. पुढे सुमारे दीड लाख मुंबईकरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातही बिडीवाल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण सिगारेटवाल्यांपेक्षा जास्त निघालं. कारण साधं आहे. तेंदूचं पान नीट जळत नाही, बिडी विझू नये म्हणून झुरके पुन्हापुन्हा आणि जोरात मारावे लागतात. तरीही ‘मी सिगारेट ओढत नाही हो, फक्त बिडी’ हे वाक्य आजही अगदी निरागसपणे बोललं जातं.

दरम्यान काल्हेर बदललं. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतलं कापडाचं बरंच काम भिवंडीच्या मागांकडे सरकलं. नंतर जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून भातशेतीच्या जागी गोडाऊन उठली, आणि २०१७ साली जीएसटी आल्यावर तर काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ हा पट्टा मुंबईचं कोठारच झाला. आता मेट्रो-५ चे खांबही उभे राहिले. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली कर्करोगकारक ठरवलं, पुढच्याच वर्षी एकूण बाहेरच्या प्रदूषित हवेलाही. ज्यांच्या दाराशी दिवसभर ट्रक चालू इंजिनावर उभे असतात, त्यांना हे कुणी जाऊन सांगितल्याचं ऐकिवात नाही.

कापसाच्या धुळीबद्दल मात्र सरसकट बोलू नये. तिनं छाती आवळते, दमा जडतो, सुट्टीनंतर कामावर आलं की श्वास अडकतो. पण शांघायच्या कापड गिरण्यांतल्या स्त्रियांच्या फार मोठ्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी आढळलं होतं. तेव्हा मागावरच्या कामगारानं कर्करोगाच्या भीतीनं आधी कापसाला दोष द्यावा आणि खिशातली बिडी तशीच ठेवावी, हे काही खरं नाही. गोडाऊनचे जुने सिमेंटचे पत्रे फोडणाऱ्यांनी मात्र जपावं, कारण त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतो.

या साऱ्या काळात एक बदल फारसा कुणाच्या लक्षात आला नाही, तो म्हणजे रोगाची चालच बदलली. पूर्वी हा कर्करोग बहुतेक वेळा मोठ्या श्वासनलिकेत होई. तिथे गाठ आली की खोकला लवकर सुरू होतो, थुंकीतून रक्त पडतं, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. हल्ली फुप्फुसाच्या कडेला होणारा ॲडेनोकार्सिनोमा हा प्रकार जास्त दिसतो, आणि तिथली गाठ बराच काळ काहीच बोलत नाही. शिवाय रुग्णही बदलला. टाटा रुग्णालयातल्या ४८९ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातल्या निम्म्याहून अधिकांनी कधी धूम्रपान केलेलं नव्हतं. म्हणजे जन्मात बिडी न ओढलेली, पण पंचवीस-तीस वर्षं चुलीपुढे बसलेली बाई पाठदुखी घेऊन येते, आणि तपासात मणक्याच्या दुखण्याचं मूळ फुप्फुसात निघतं. ‘आमच्याकडे कुणी ओढत नाही’ हे वाक्य डॉक्टरला सांगून रोगाची शक्यता निकालात निघत नाही.

आता नेहमीचा रस्ता कसा असतो ते पाहा. खोकल्यावर आधी सिरप, मग पाच दिवसांचं अँटिबायोटिक. मग ‘फोटो’ काढतात, त्यात ‘डाग’ दिसतो. थुंकी तपासणीत जंतू मिळत नाहीत, पण डाग आहे आणि वजन उतरलंय, म्हणून एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) चालू होते. इथे एक फसवी गोष्ट घडते. गाठीनं श्वासनलिका अडली की मागे न्यूमोनिया साचतो, गोळ्यांनी तो थोडा हटतो आणि पहिल्या पंधरवड्यात रुग्णाला खरोखरच हलकं वाटतं. घरचे निर्धास्त होतात. दोन महिने जातात, चार जातात. खऱ्या टीबीत काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन भरू लागतं. इथे ते होत नाही, तरी कोर्स पुरा करायचा म्हणून गोळ्या चालू राहतात. देशातल्या अनेक रुग्णालयांनी हे नोंदवून ठेवलंय की त्यांच्याकडे आलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी बरेच जण आधी टीबीचं औषध घेऊन आलेले असतात. छातीत पाणी झालं की टीबीच, हे इतकं पक्कं बसलंय की काढलेलं पाणी पेशींच्या तपासणीला पाठवायचंही राहून जातं.

थुंकीच्या जुन्या तपासणीवर आता अडून राहायचं कारण उरलेलं नाही. सीबी-नाट आहे, गोव्यात तयार झालेलं ट्रूनाट आहे, काही तासांत जंतू आहेत की नाहीत ते कळतं, आणि सरकारी केंद्रात फुकट. डिसेंबर २०२४ मध्ये देशात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रंही वस्तीवस्तीत गेली. माझ्या मते या मोहिमांचा खरा कस इथे लागतो: डाग दिसला, टीबी निघाला नाही, तर त्या माणसाला पुढे कुठे पाठवलं जातं? ‘टीबी नाही, घरी जा’ म्हणणं म्हणजे अर्ध्या वाटेत सोडणं.

खोकल्यावाचूनच्या खुणाही असतात, आणि त्या छातीपासून लांब असल्यामुळे भलत्याच खात्यात जमा होतात. आवाज बसतो, तेव्हा हळदीत रात्रभर ओरडल्याचं निमित्त पुरतं. पण तीन आठवड्यांनीही तो सुटला नाही, तर स्वरयंत्राकडे जाणारी नस छातीत कुठे दबली आहे का, ते पाहावं लागतं. एकाच खांद्यात दुखतं, कळ हाताच्या करंगळीपर्यंत उतरते, त्या बाजूची पापणी किंचित झुकते. आपण त्याला वात म्हणतो आणि मालिश करून घेतो, गाठ फुप्फुसाच्या शेंड्यावर बसलेली असते. सकाळी उठल्यावर चेहरा आणि मान सुजलेली, गळ्यावरच्या शिरा फुगलेल्या, ही तर त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची खूण आहे. एकाच जागी पुन्हापुन्हा होणारा न्यूमोनियाही संशयास्पद.

आणि बोटं. दोन्ही हातांच्या अनामिकांची नखं एकमेकांना टेकवा, उजेडात धरा. नखांच्या मुळाशी बारीक चौकटच्या आकाराची फट दिसली पाहिजे. ती भरून गेली असेल, बोटांची टोकं फुगीर आणि नखाचं मूळ दाबल्यावर मऊ लागत असेल, तर दाखवून घ्यावं. दक्षिण आफ्रिकेतले हृदयविकारतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना ही खूण स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर सापडली. ती हृदयाच्या आणि इतर फुप्फुसविकारांतही दिसते, जन्मतःही असू शकते, म्हणून एवढ्यावरून घाबरून जाऊ नये. पण बघायला पैसे पडत नाहीत.

साधा एक्स-रे हृदयामागची किंवा गळपट्टीच्या हाडाआडची गाठ चुकवू शकतो. २०११ साली अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक भरपूर धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत कमी किरणांच्या सीटी स्कॅननं या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण इतक्या छात्यांत आहेत की सरसकट स्कॅन केले तर निम्मा गाव सुईखाली येईल. म्हणून तक्रार असलेल्यांना वेळेवर पाठवणं, हाच आपला व्यवहार्य मार्ग.

सुईचीही एक अडचण आहे. ‘सुई लावली की गाठ पसरते’ या भीतीपायी तुकडा काढायला नकार देणारी घरं थोडी नाहीत. तो तुकडा आता पूर्वीपेक्षाही मोलाचा झालाय, कारण त्यावरूनच जनुकातला बदल कळतो. ईजीएफआर या जनुकात बदल असेल तर गोळ्यांवर रोग आवरता येतो. टाटा रुग्णालयानं ३५० रुग्णांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गेफिटिनिबच्या गोळीला किमोची जोड दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, त्रास वाढला तरी. तरीही आपले बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातच पोचतात, जिथे शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळलेली असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, पण ती योजना गेलेले महिने परत देत नाही.

तेव्हा काल्हेरच्या, कशेळीच्या, कुठल्याही वाचकाला विनंती अशी. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी आणि एक्स-रे करा. जुना बिडीचा खोकला अचानक बदलला, थुंकीत रक्ताची रेघ दिसली, तर दोन आठवडेही थांबू नका. जंतू न सापडता एकेटी चालू असेल आणि महिना-दीड महिन्यात फरक नसेल, तर गोळ्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘सीटी करायचा का? तुकडा काढायचा का?’ आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्म रद्दीत टाकू नका, प्रत्येक वेळी सोबत न्या. दोन वर्षांत जसाच्या तसा राहिलेला डाग बहुधा जुना व्रण असतो, वाढलेला डाग तपासावा लागतो, आणि हा फरक जुनी फिल्म शेजारी धरल्याशिवाय कळत नाही.