शिकतानाची वही

आम्ही काशीगावच्या बायका. आमचं गाव आता मीरा-भाईंदर महापालिकेत आहे, चारी बाजूंनी इमारती उठल्या आहेत. पण बचत गटाची बैठक, पाणी भरणं, मुलांची शाळा, हे सगळं तुमच्यासारखंच. त्यातूनच दुपारचा वेळ काढून आम्ही शिवणवर्ग केला. त्या वर्गात ठेवलेल्या एका वहीबद्दल आज सांगतो.

गटाच्या इतिवृत्ताची वही आपल्या ओळखीची आहे. कोण आलं, किती पैसे जमले, कोणता ठराव झाला, ते तिच्यात असतं. वर्गात बाईंनी सांगितलेली मापंही आपण उतरवून घेतो. शिकतानाची वही वेगळी. शिकताना आपलं स्वतःचं काय झालं, ते हिच्यात लिहायचं.

आमच्यातल्या एकीची बाही मुंढ्यापाशी ओढायची, चुण्या पडायच्या. तीनदा शिवलं, तीनदा उसवलं, कापड वाया गेलं. घरची बोलणी खाऊन ती म्हणाली, "मला जमतच नाही, उद्यापासून येत नाही." आम्ही तिची वही उघडून बसलो. तीनही दिवशी तिनं लिहिलं होतं, "एक बाही बरी बसली, दुसरी ओढली." तिथंच उलगडा झाला. बाहीचा पुढचा काप मागच्यापेक्षा जास्त खोल असतो, म्हणून उजवी आणि डावी बाही एकमेकींच्या उलट लागतात. ती कागद एकाच बाजूनं ठेवून दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापत होती. मग सुलट बाजू आत ठेवून कापड दुहेरी घातलं, दोन्ही बाह्या एकदम कापल्या. ब्लाउज नीट बसला. चूक एका कापाची होती, आणि ती स्वतःलाच नालायक समजत होती.

वही कशी लिहायची? रोज चार प्रश्न. आज काय केलं? कुठं अडलं? का अडलं असेल? उद्या काय वेगळं करीन? चार-पाच ओळी पुरेत. पण त्याच दिवशी लिहा. आठवड्यानं नेमकं काय झालं ते आठवत नाही. आठवड्यातून एकदा मागची पानं वाचा. तीच तक्रार पुन्हा दिसली, की बाईंना नेमका प्रश्न विचारता येतो.

लिहिता येत नसेल तर चित्र काढा, चुकलेला तुकडा टाचून ठेवा किंवा मोबाइलवर बोलून ठेवा. शुद्धलेखनाची काळजी नको. वही कोणाला दाखवायची ते आपण ठरवायचं, म्हणजे खरं लिहिता येतं.

१८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन रमाबाई रानडे सासरी आल्या. शिक्षण तिथं सुरू झालं. नवरा शिकवायचा, घरातल्या बायकांना ते रुचायचं नाही. हे त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं. ते १९१० साली छापलं गेलं. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून शिकताना त्यांना काय सोसावं लागलं, ते आज आपल्याला कळतं.

आपलं शिकणंही नोंद ठेवण्याजोगं आहे. कोंबडीपालन असो, शिवण असो की संगणक, पहिल्याच दिवशी वही घ्या. आणि एखादी मैत्रीण वर्ग सोडायला निघाली, तर आधी तिच्याबरोबर तिची वही वाचा.