मथळा एकच, पानं शेकड्यांनी

यवतमाळ जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ उघडा, मग शेजारच्या वाशिमचं, मग चंद्रपूरचं. वर राजमुद्रा, तिच्या बाजूला जिल्ह्याचं नाव, भाषा बदलायची आणि अक्षरं लहान-मोठी करायची सोय, खाली मेनूची पट्टी. नाव आणि फोटो सोडले तर घडण तीच. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने म्हणजे एनआयसीने 'एसथ्रीवास' नावाची चौकट तयार केली, तिच्यावर ही संकेतस्थळं उभी आहेत.

एकट्या यवतमाळच्या संकेतस्थळातही तेच. सोळा तालुक्यांची माहिती, निविदा, भरतीच्या जाहिराती, टिपेश्वर अभयारण्य. पान कोणतंही असो, माथा तोच. तो दर पानावर कुणी लिहीत बसत नाही. जुन्या छापखान्यात लग्नपत्रिकेचा गणपतीचा ठोकळा एकदा करून ठेवत, तसा हा मथळा वेगळ्या फाइलमध्ये असतो. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला फक्त 'ती फाइल इथे जोड' एवढी एक ओळ. तुम्ही पान मागितलं की सर्व्हर दोन्ही जोडतो आणि ब्राउझरकडे अखंड पान पाठवतो. सांधा दिसतच नाही. युक्ती नव्वदच्या दशकातली. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत तिला 'इन्क्लूड' म्हणतात, वर्डप्रेसमध्ये 'हेडर.पीएचपी' ही फाइल ते काम करते.

फायदा कळतो तो बदलाच्या दिवशी. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं बदलली. असं नाव मथळ्यात एका जागी बदललं की सगळ्या पानांच्या माथ्यावर बदलतं. स्कॅन करून चढवलेल्या आदेशांत मात्र जुनंच राहतं, आणि ते राहावंच. यवतमाळ जिल्हाही १९०५ पर्यंत वणी जिल्हा होता. तेव्हाचे कागद कुणी खोडून दुरुस्त करत नाही.

तोटाही इथेच आहे. मथळ्यात एक टॅग बंद करायचा राहिला की सगळं संकेतस्थळ वाकडं होतं. दुसरी चूक जास्त सर्रास आढळते: मथळा सामायिक म्हणून पानाचं शीर्षकही सामायिक करून टाकणं. मग पाच टॅब उघडले तर पाचांवर 'मुखपृष्ठ', आणि शोधयंत्रात निविदा कोणती नि भरती कोणती ते कळत नाही. मथळ्यात शीर्षकाची जागा मोकळी हवी, ती ज्या त्या पानाने भरायची. मेनूत आपण कुठे आहोत ती खूणही तशीच.

डोळ्यांना हा मथळा ओलांडायला क्षणही लागत नाही. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला मात्र दर पानावर तीच बटणं, तोच मेनू पुन्हा ऐकावा लागतो. म्हणून सुगम्यतेचे नियम असा पुन्हापुन्हा येणारा भाग ओलांडायची सोय मागतात; त्यासाठी मथळ्याच्या सुरुवातीलाच थेट मुख्य मजकुरावर नेणारा दुवा ठेवतात. पान उघडल्यावर टॅबची कळ दाबून पाहा. दुवा नीट बसवलेला असेल तर सगळ्यात आधी तोच हाती लागतो; आणि तो सामायिक मथळ्यातच असल्याने एकदा बसवला की सगळ्या पानांवर बसतो.